मिनिस्त्रोचा वाटा

बाउदिलिओ ओयार्सुनला आमची सगळी गल्ली वस्ताद म्हणते. मी तोंडावर म्हणते, पाठीमागे म्हणत नाही. तोंडावर 'तुम्ही' आणि पाठीमागे 'तो', असा आमचा वर्षानुवर्षांचा शेजार आहे, आणि इथेही तो 'तो'च राहणार. त्याला वाचायचं असेल तर चष्मा लावून वाचावं आणि गप्प बसावं.

वालपाराइसो बंदराच्या गावात टेकडीवर आमची गल्ली आहे, म्हणजे नुसत्या पायऱ्याच. सगळ्यात खाली नोल्फाचं वाणसामानाचं दुकान, सगळ्यात वर सेगुन्दोचं घर, मधे माझं, आणि माझ्या भिंतीला भिंत लावून वस्तादाचं. सेगुन्दो बंदरात ओझी वाहून निवृत्त झालेला. नोल्फा निवृत्त व्हायचं नाव घेत नाही. मी एर्सिरा, शिवणकाम करते, लुचोची विधवा आहे, आणि माझ्या जिभेला हाड नाही असं लोक म्हणतात. म्हणोत बापडे.

वस्ताद उभं आयुष्य मालवाहू जहाजांवर आचारी होता. समुद्र खवळलेला असताना भांडी दोरीने बांधून चाळीसेक खलाशांना दोन्ही वेळ जेवायला घालायचं, हे त्याचं काम. बोट सोडून घरी आला तोवर लग्न करायचं राहूनच गेलं होतं, आणि हात मात्र चाळीस माणसांच्या अंदाजाला बसला होता. एकट्यापुरतं रांधणं त्याला जमत नाही. भोपळ्याची एक फोड चिरायला घेतली की सुरी थांबतच नाही. मग ते भलंमोठं पातेलं चढतं, त्यात मांस, मका, बटाटा, भोपळा सगळं शिजतं, आणि दुपारी हा पांढरा एप्रन बांधून दारोदार वाडगे पोहोचवत फिरतो. "उरलंय," एवढंच म्हणतो. रोज उरतं.

आता आमच्याकडे शेजाऱ्याचा वाडगा रिकामा परत करत नाहीत. करणाऱ्याला लोक माणसात धरत नाहीत. पण हा गृहस्थ कुणाकडून काही घेईल तर शपथ. केक नेला तर गोड चालत नाही, चीज नेलं तर वास येतो. मी एकदा स्वेटर विणून नेला, तर उलटसुलट करून बघत म्हणाला, "बाई, हा कुणाच्या मापाचा आहे? तो माणूस सापडला की त्यालाच द्या." कुणाच्या टेबलाशी बसून जेवणं तर लांबच राहिलं. आचारी सगळ्यांचं झाल्यावर उभ्याने जेवतो, हे त्याचं ब्रीद. आणि माझ्या स्वयंपाकाबद्दल तो काय म्हणायचा तेही सांगून टाकते. "एर्सिराबाईंच्या सूपमध्ये कोंबडी पाय धुते आणि निघून जाते." हे त्याने नोल्फाच्या दुकानात, गिऱ्हाइकं उभी असताना म्हटलेलं आहे.

तर अशा माणसाची परतफेड करायची कशी? राहिलं त्याचं मांजर.

करडा, पांढऱ्या छातीचा, रुंद डोक्याचा बोका. लहान असताना धक्क्यावरून वस्तादाच्या मागे मागे आला आणि राहिला. दिवसभर काहीही न करता सगळ्यांकडे कंटाळून बघतो, म्हणून वस्तादाने त्याचं नाव ठेवलं मिनिस्त्रो, म्हणजे मंत्री. नोल्फा त्याला जाड्या म्हणते, सेगुन्दो कप्तान म्हणतो. मी 'ए' म्हणते, आणि तो माझ्याच हाकेला सगळ्यात लवकर येतो.

संध्याकाळी आमच्या घराघरांत चहा होतो. चहा म्हणजे नुसता कप नव्हे. पाव, लोणी, चीज, कापून ठेवलेलं मांस, सगळं टेबलावर मांडून तासभर बसायचं, रात्रीचं जेवणही त्यातच उरकतं. नेमक्या त्या वेळेला मिनिस्त्रो गल्लीच्या फेरीवर निघायचा. सेगुन्दोकडे सॉसेज, माझ्याकडे लोणी लावलेल्या पावाचा काठ, नोल्फाकडे माशाचा तुकडा. वस्तादाने दिलेल्या वाडग्याची फेड आम्ही सगळे त्याच्या मांजराच्या पोटात करत होतो. सगळ्यांना बरं वाटायचं, मांजराला तर फारच. बघता बघता त्याचं पोट जमिनीला टेकायला आलं.

तरुण होता तोवर खपून गेलं. पण चौदावं वर्ष उलटल्यावर एक दिवस तो आमच्या मधल्या भिंतीवर उडी मारायला गेला आणि मधेच पडला. इकडे तिकडे पाहिलं, जणू पडायचंच होतं असा चेहरा केला, आणि लंगडत निघून गेला. त्यानंतर त्याने भिंतीचा नाद सोडला. पायऱ्या चढताना धाप लागायला लागली. वस्ताद आठवडाभर "थंडीमुळे असेल" म्हणत राहिला. मग मांजर डॉक्टरकडे न्यायचं म्हणून माझ्याकडे शिवणकामाची मोठी टोपली मागायला आला. टोपली माझी, म्हणून मीही गेले.

जनावरांची डॉक्टरीण यास्ना म्हणून आहे, तरुण आहे पण शहाणी आहे. तिने मिनिस्त्रोला टेबलावर ठेवला, फासळ्या चाचपल्या, म्हणजे चाचपायचा प्रयत्न केला.

"वस्ताद, याला काय खायला घालता?"

"माणसासारखं."

"तेच दिसतंय," ती म्हणाली.

मग तिने नीट समजावलं. सांधे म्हातारे झालेत, त्यात हे ओझं. वजन उतरवायलाच हवं, पण हळूहळू. म्हाताऱ्या मांजराला उपाशी ठेवायचं नाही, त्यातून जाड मांजराला तर नाहीच, लिव्हरवर जातं आणि जिवावर बेतू शकतं. पाव, सॉसेज, लोणी बंद. चांगलं मांस आणि म्हाताऱ्या मांजरांचं खाणं, मापाच्या कपाने, दिवसातून चार वेळा थोडं थोडं. दर शनिवारी वजन. तिने कप दिला, आणि म्हणाली, "आणि शेजाऱ्यांना सांगा."

वस्तादाने तो कप पाकिटासारखा आतल्या खिशात ठेवला. ज्याने जन्मात कुणाला वाढताना हात आखडता घेतला नाही, त्याला आता स्वतःच्या मांजराला मोजून घालायचं होतं. मला त्याची कीव आली, आणि ती आली म्हणून राग आला.

दुसऱ्या दिवशी तो एप्रन बांधून दारोदार गेला. या वेळी हातात वाडगा नव्हता. "मिनिस्त्रोला कुणी काही घालायचं नाही. त्याच्या जिवाचा प्रश्न आहे."

सगळे हो म्हणाले. आता आमच्या गल्लीतलं 'हो' तुम्हाला माहीत नसेल. आम्ही कुणाला नाही म्हणत नाही, ते उद्धटपणाचं दिसतं. आमचं 'हो' म्हणजे आत्ता तुमचा मान राखतो, पुढचं पुढे. नळदुरुस्तीवाला मंगळवारी येतो म्हणतो, तेव्हा तो मंगळवारी येणार नाही एवढंच पक्कं असतं. वस्तादही याच गल्लीतला, त्याला हे कळत नव्हतं असं नाही.

माझ्या दारात आला तेव्हा मीही हो म्हटलं. तो गेला नाही. मान तिरकी करून म्हणाला, "बाई, सगळ्यात आधी तुम्हीच फुटाल."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "माझ्या दारातून या मांजराच्या तोंडात शीतसुद्धा जाणार नाही. देवमातेची शपथ घेऊन सांगते."

"शपथ कशाला वाया घालवता," तो म्हणाला आणि गेला.

मग काय, मी पाळली. संध्याकाळी चहाच्या वेळेला मिनिस्त्रो यायचा, दाराशी बसायचा आणि हाक मारायचा. आधी साधी, मग लांबलचक, मग खर्जातली. मी रेडिओ मोठा करायची. आत माझा पाव ताटलीत तसाच राहायचा. पण ज्या माणसाने माझ्या शपथेची किंमत केली नाही, त्याला मी दाखवून देणार होते. दया येत होती मांजराची, आणि दार बंद ठेवत होते त्याच्या मालकावरच्या रागाने.

बाकीच्यांचं काय चाललं होतं ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं. एवढं दिसत होतं की वस्तादाचे रिकामे वाडगे परत करताना लोक आता तोंड चुकवत होते. सेगुन्दोसारखा धिप्पाड माणूस वाडगा भिंतीवर ठेवून चोरासारखा पळताना मी खिडकीतून पाहिला.

शनिवारी नोल्फाच्या दुकानात वजन व्हायचं. बटाट्याची पोती तोलायचा तिचा काटा आहे, त्यावर वस्ताद आधी मांजराला छातीशी धरून उभा राहायचा, मग मांजर माझ्याकडे देऊन नुसता. नोल्फा वजाबाकी करून सांगायची. पहिले काही शनिवार मोठे आनंदाचे गेले. काटा उतरत होता. सेगुन्दो टाळ्या वाजवायचा. "कप्तान पुन्हा लग्नाला उभा राहील," म्हणायचा. मिनिस्त्रो पुन्हा पायऱ्या चढू लागला, एकदा तर भिंतीकडे नुसतं बघून विचारात पडलेला मी पाहिला. वस्ताद काट्यावरून उतरताना इतका खूश दिसायचा की मला माझं भांडण विसरायला व्हायचं.

काटा मात्र उतरतच राहिला. ऐन हिवाळ्यात एका शनिवारी मी मांजर हातात घेतलं आणि मला त्याच्या पाठीचे मणके लागले. एक एक मणका वेगळा.

"वस्ताद, जरा जास्तच उतरलाय हो."

त्याने माझ्याकडे बघून डोळे बारीक केले आणि हसला. "मला सगळं कळतं, बाई."

काय कळतं ते मला कळलं नाही. मला वाटलं, पुन्हा माझ्या अकलेवर टोमणा मारतोय. गप्प बसले. बसायला नको होतं.

पुढच्याच आठवड्यात मिनिस्त्रो जेवेना. ताटलीजवळ यायचा, वास घ्यायचा, तोंड फिरवून कोपऱ्यात जाऊन बसायचा. सकाळी वस्तादाने माझं दार वाजवलं. एप्रन नव्हता, केस विस्कटलेले. "टोपली," म्हणाला. मी शाल घेतली.

यास्नाने मांजराच्या कानाची आतली बाजू पाहिली, हिरड्या पाहिल्या, दोन्ही पिवळसर, आणि तिचा चेहरा बदलला. "वस्ताद, मी सांगितला तेवढा कप देत होता ना?"

"अर्धा."

"अर्धा? का?"

"उरलेला अर्धा गल्ली देते," तो म्हणाला, अगदी साधेपणाने. "मी म्हणालो देऊ नका, ते म्हणाले हो. म्हणजे देणारच. मी आमच्या लोकांना ओळखतो. म्हणून त्यांचं धरून मी माझं कमी केलं."

"नक्की देतात?"

"सगळे. चोरून. ही बाई तर सगळ्यात जास्त." त्या शनिवारी तो का हसला ते मला आत्ता कळलं; चोरून घालणारीच वर साळसूदपणे काळजी दाखवतेय, असं त्याला वाटलं होतं. आणि तो माझ्याकडे वळला. इतक्या मऊ आवाजात तो माझ्याशी कधी बोलला नव्हता. "सांगा बाई. आता कुणी रागावणार नाही. रोज किती देत होता?"

"काही नाही."

"अहो, एखादा पावाचा काठ तरी?"

"शीतसुद्धा नाही."

तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला. खोटं सापडतंय का ते शोधत होता, आणि सापडेना तसा त्याचा चेहरा उतरत गेला. खरं बोलल्याबद्दल मला आयुष्यात इतकं वाईट कधी वाटलं नाही.

यास्नाने सुई दिली, मळमळीचं औषध दिलं, नळीने भरवायची पेज दिली. म्हणाली, पेजेवर एखाददुसरा दिवस निघेल, पण त्याने स्वतःहून खायला हवं. जे खाईल ते, कोमट करून, चमचा चमचा. नाही खाल्लं तर तिच्या हातात फारसं काही उरणार नव्हतं.

घरी आल्यावर वस्ताद मांजराला पांघरुणात ठेवून पुन्हा दारोदार गेला. मी मागून ऐकत होते. आधी वर, मग खाली. प्रत्येक दारात तेच, की खरं सांगा, किती देत होता. कुणीतरी लबाडी केली असावी, एवढीच त्याची आशा. नोल्फाने मेलेल्या नवऱ्याची शपथ घेतली. सेगुन्दो तर चिडलाच. "वस्ताद, आयुष्यात पहिल्यांदा दिलेला शब्द पाळला, आणि तुम्ही मलाच आरोपी करताय? तुम्ही म्हणालात त्याच्या जिवाचा प्रश्न आहे. ज्याचं रोज खातो त्याच्या मांजराचा जीव घेऊ का आम्ही?"

परत येताना तो माझ्या घरासमोरच्या पायरीवर बसला. बसला तो उठेना. मी बाहेर गेले. भांडायलाच गेले होते.

"इतकी लबाड वाटले मी तुम्हाला?"

"तुमच्या शब्दावर माझा विश्वास नव्हता, हे खरं आहे," तो पायरीकडे बघत म्हणाला. "पण ते दाराशी बसून रडतंय आणि तुम्ही आत पाव खाताय, हे तुमच्याच्याने होणार नाही याची मला खात्री होती. तेच मी धरून चाललो."

माझ्या शपथेला दीड दमडीची किंमत न देणारा हा माणूस, माझ्या मनाला मात्र बरोबर ओळखून होता.

"होतच नव्हतं," मी म्हटलं. "रेडिओ मोठा करत होते."

"मग दिलं का नाही?"

"तुम्ही म्हणालात ना, सगळ्यात आधी मी फुटेन."

आत मांजर होतं, त्याला आमच्या मानापमानाशी काही देणंघेणं नव्हतं, आणि ते उपाशी होतं.

रात्रभर आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्याच्या स्वयंपाकघरातून वास येत होते. काळीज, माशाच्या डोक्याचं पाणी, लोण्यावर परतलेला बारीक खिमा. जहाजावर ओकाऱ्या काढणाऱ्या पोरांना याने खायला लावलं होतं, पण मिनिस्त्रो तोंड उघडेना. नळीने घातलेली पेज तेवढी पोटात जात होती, तीही निम्मी बाहेर.

संध्याकाळी धुकं आलं, आणि घरोघरी चहाच्या किटल्या चढल्या. मिनिस्त्रोने कान टवकारले, असं वस्ताद नंतर सांगायचा. टवकारले असतील किंवा याला वाटलं असेल. वस्तादाने त्याला पांघरुणात गुंडाळला आणि जन्मात पहिल्यांदा दारोदार खायला मागायला बाहेर पडला.

आधी सेगुन्दोकडे. सेगुन्दोने सॉसेजचं साल काढून, चुरून, बोटावर धरलं. मांजराने वास घेतला आणि मान आत घेतली. मग मला ओलांडून नोल्फाकडे. मला ओलांडलं, हे मी खिडकीतून पाहिलं आणि मनात नोंदवून ठेवलं. नोल्फाने दुकान बंद करून मासा शिजवला, गिऱ्हाइकं बाहेर उभी. नाहीच.

शेवटी माझं दार. "बाई," एवढंच म्हणाला.

माझ्या टेबलावर कोंबडी होती. नेहमीचीच, पाण्यात उकडलेली. पांघरुणातून एक नाक बाहेर आलं. मग डोकं. मी एक धागा सोडवून, रश्शात बुडवून बोटावर धरला. त्याने वास घेतला, बराच वेळ घेतला. मग जीभ लागली बोटाला, खरखरीत. धागा गेला.

आम्ही दोघं हललो नाही. मी दुसरा धागा धरला. तोही गेला. तिसऱ्याला त्याने माझं बोट चावलं, आणि मी आनंदाने चावू दिलं. चमचाभर झालं तेव्हा वस्तादाने माझा हात धरला, "पुरे, आता पुरे, पुन्हा तासाने," आणि त्याच हाताने डोळे पुसले. म्हणजे माझ्याच हाताने. त्याच्या ते लक्षातही आलं नाही.

मग त्याने वाडग्यातला रस्सा चमच्याने चाखला. मी वाटच बघत होते, बोल काय बोलायचं ते.

"यात मीठ नाही."

"नसतंच."

"मुळीच?"

"रक्तदाब आहे मला, पित्तही आहे. लुचो गेला त्या वर्षापासून. मीठ, कांदा, लसूण, तळकट, सगळं बंद."

"मला कधी बोलला नाहीत."

"तुम्ही कधी विचारलं? कोंबडी पाय धुऊन जाते हे मात्र गल्लीभर झालं."

मग त्याने खुर्ची ओढली. माझ्या टेबलाशी, लुचोनंतर कुणी बसलं नव्हतं त्या खुर्चीवर, बसला आणि म्हणाला, "मलाही वाढा." मी वाढलं. त्याने सगळं खाल्लं, मीठ मागितलं नाही. मला माहीत आहे, ते खाताना त्याला केवढे कष्ट पडले असतील.

दुसऱ्या दिवशी यास्नाला सांगितलं तर ती म्हणाली, कांदा-लसणाशिवाय, मिठाशिवाय उकडलेली कोंबडी, याहून चांगलं आजारी मांजराला काय असणार. हळूहळू त्यात त्याचं नेहमीचं खाणं मिसळा, कप पूर्ण करा, आणि आता वजन थोडं वर जाऊ द्या, मग तिथेच राखा. राखणंच महत्त्वाचं या वयात, वर नको की खाली नको.

चार वेळचं खाणं कसं द्यायचं ते मात्र गल्लीने ठरवलं. वस्ताद सकाळी मिनिस्त्रोचा दिवसाचा वाटा मापून चार वाट्यांत घालतो. एक त्याच्याकडे, एक सेगुन्दोकडे, एक माझ्याकडे, एक नोल्फाकडे. ज्याची वेळ त्याने कोमट करून द्यायचा. मिनिस्त्रो पूर्वीसारखा दारोदार जातो, उतरताना पायाने, चढताना वस्तादाच्या कडेवर. मांजर जेवेपर्यंत वस्तादाला तिथे थांबावंच लागतं, आणि थांबलेल्या माणसासमोर आम्ही चहा ठेवतो. एवढ्या वर्षांची वाडग्यांची फेड आता त्याच्याच पोटात चालली आहे. सप्टेंबरच्या सणाला नोल्फाच्या एम्पानादा, म्हणजे खिम्याच्या करंज्या, त्याने तिच्याकडे बसून खाल्ल्या आणि सारणात कांदा कच्चा राहिलाय म्हणाला. नोल्फाला भरून आलं.

माझी गोष्ट जरा वेगळी. वस्तादाकडून वाटी येते ती मोजूनच, पण संध्याकाळी माझी कोंबडी शिजत असते आणि मिनिस्त्रो वाटी संपवून माझ्याकडे बघतो. बघतो म्हणजे कसा ते ज्याच्याकडे म्हातारं मांजर आहे त्याला विचारा.

वसंत सरता सरता आम्ही टोपली घेऊन यास्नाकडे गेलो. मणके आता बोटाला लागतात पण टोचत नाहीत, फासळ्या दाबल्या की कळतात, वजन तीन महिने जागच्या जागी. यास्ना खूश झाली. सवयीने तिने विचारलं, "वरून कुणी काही देत नाही ना?"

"नाही," वस्ताद म्हणाला. "एर्सिराबाईंचा शब्द आहे. त्यांनी नाही म्हटलं म्हणजे नाही."

छाती काढून म्हणाला हो. आणि मी टोपलीचं हँडल धरून शेजारी बसलेली. माझे कान तापले. ज्या वाक्यासाठी मी कित्येक आठवडे रेडिओ मोठा केला, ते वाक्य आता, या दिवशी आलं होतं.

"देते," मी म्हटलं.

वस्ताद वळला.

"रोज नाही. म्हणजे, रोजच. बोटभर कोंबडी. चहाच्या वेळी."

यास्ना हसली, म्हणाली, बोटभर चालेल, वजन जागेवर आहे, म्हणजे तेवढं त्याला लागतंच आहे. वस्ताद मात्र टोपली उचलून मागे न बघता पायऱ्या चढू लागला. मला वाटलं, झालं, पुन्हा पाच वर्षं टोमणे. माझ्या दाराशी येऊन त्याने टोपली खाली ठेवली, मांजर बाहेर आलं आणि न विचारता माझ्या घरात शिरलं.

"बोटभर म्हणजे कुठलं बोट?"

मी करंगळी दाखवली. त्याने माझ्याकडे नुसतं पाहिलं. मी मधलं दाखवलं.

"बरं. तेवढं मी माझ्या वाटीतून काढतो," तो म्हणाला. "देत जा. फक्त मला सांगत जा."

तेव्हापासून रोज संध्याकाळी मिनिस्त्रो जेवला की मी खिडकी उघडते आणि भिंतीपलीकडे ओरडून सांगते, आज बोटभर, आज दीड बोट. पलीकडून आवाज येतो, "ऐकलं." कधी दोन बोटं होतात. तीही सांगते.